मॉनिटरची बदली

८ फेब्रुवारी १९९८, अंथुर्णे

मनिषा बावड्याहून, माहेरून आली. खांद्याला पिशवी, कमरेवर झाकलेली पाटी आणि पाटीतून नुसता आरडाओरडा. फडकं काढलं तर तीन बदकं! एक पांढरीशुभ्र, एक तांबडी, एक करडी. तिन्ही माद्या.

"आईनं दिल्यात, आबा. आपल्या बदकांत ऱ्हातील न्हवं?"

"न ऱ्हायला काय झालं? हितं शिस्त हाय," मी म्हणालो.

परसात आमच्या चार माद्या आणि एक नर आधीपासून आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहू नयेत म्हणून मी ती पाळली. नराचं नाव मॉनिटर. वर्गात मॉनिटर खमक्या असला की गुरुजींचं अर्धं काम होतं, हा माझ्या सबंध नोकरीचा अनुभव. तो पुढे चालतो, बाकीच्या मागे. तो आधी खातो, मग बाकीच्या. ते बघून मला बरं वाटतं.

आज बरं वाटायला आणखी एक कारण आहे. मल्हारला लोणी देवकरच्या नव्या कारखान्यात काम लागल्यापासून तो तिकडेच खोली बघायची भाषा करतो. लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही. एकुलता एक मुलगा सुनेला घेऊन गेला तर या घरात मी, माझी बायको बानूबाई आणि रेडिओ एवढेच उरू. मला ते सोसणार नाही. तोंडाने बोलत नाही, इथे लिहायला हरकत नाही. पण माहेरची बदकं कोणी भाड्याच्या खोलीत नेत नाही. मनिषाने ती इथे आणली, म्हणजे तिच्या मनात इथेच राहायचं आहे. आता ती बदकं इथे रमली पाहिजेत. एवढं जमलं की झालं.

११ फेब्रुवारी

जमत नाही.

मॉनिटरने पांढरीची मान चोचीत धरून तिला परसभर फरफटवलं. आम्ही तिला ढवळी म्हणतो. तिच्या मानेची पिसं गेली, खालचं कातडं दिसायला लागलं. आमच्या चार माद्या आजवर गरीब होत्या. मॉनिटरचं बघून त्याही चोची मारायला शिकल्या. घमेल्यात भरडा टाकला की नव्या तिघी कुंपणाला चिकटून उभ्या राहतात. सगळ्यांचं उरकल्यावर घमेलं चाटायला येतात.

मी काठी घेतली, आवाज चढवला. शेवटी ज्या शिट्टीवर सगळी शाळा रांगेत उभी राहायची, ती ट्रंकेतून काढून वाजवली. मॉनिटरने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. शेजारचे आबासाहेब मात्र धावत आले, त्यांना वाटलं घरात काही झालं.

बानूबाई चुलीपुढून ओरडली, "त्यास्नी काय प्रार्थनेला हुबं करताय व्हय?"

१३ फेब्रुवारी

मनिषा हुशार आहे, पण तिला वळण लावायला हवं. चहात साखर आधी टाकते, पूड मागून. वर्तमानपत्राची घडी उलटी घालते. आमटीला फोडणी देताना रेडिओ ऐकते, मग मोहरी करपते. मी रागावत नाही. तिथल्या तिथे सांगतो आणि प्रेमानेच सांगतो. तीही ऐकून घेते, उलट बोलत नाही. फार गुणी मुलगी.

आज तिने आईला लिहिलेलं पोस्टकार्ड टपालात टाकायला फळीवर ठेवलं होतं. सहज नजर टाकली तर काय, 'बदकं सुखरुप' मध्ये रु पहिला! 'काळजी करु नको', तिथेही पहिला! अशी सात-आठ ठिकाणं. मी लाल पेनने नीट दुरुस्त्या केल्या, खाली 'अक्षर चांगले, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' असा शेरा मारला आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. घरी येऊन तिला सांगितलंही. तिने कणीक मळली. बराच वेळ मळली. भाकऱ्या करायच्या होत्या, कणीक कशाला मळली ते कळलं नाही.

१७ फेब्रुवारी

मल्हारने आज जेवताना सांगून टाकलं. खोली मिळते आहे, पाडव्याला राहायला जायचं.

"आन् बदकं?" मी विचारलं.

"तुमच्या मॉनिटरनं जिती ठिवली तर बघू," तो म्हणाला. घास अर्धा ठेवून उठला.

मागाहून बानूबाई म्हणाली, "त्या पोरीला जागा कुठं हाय हितं?"

मी तिला समजावलं की मधली खोली त्यांचीच आहे, माळवद पक्कं आहे, हवं तर पडवीही देऊ. ती कपाळाला हात लावून आत गेली. बायकांशी हिशेबाने बोललं की त्यांना पटत नाही. पण माझं मन लागत नाही. पाडव्याला गुढी उभारायची आणि त्याच दिवशी घर रिकामं करायचं, हे कसलं वर्ष?

१९ फेब्रुवारी

आज फार वाईट झालं.

सकाळी मला वडिलांची आठवण आली. आमची मेंढरं होती तेव्हा ते एखाद्या कोकराला जपायचं असलं की त्याच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचे. लांबून नजर टाकली तरी कळायचं, नाजूक जीव कुठे आहे. खूण दिसली की राखणारे सगळे सांभाळून घ्यायचे. मला वाटलं, ढवळीलाही खूण करावी म्हणजे खिडकीतूनसुद्धा लक्ष ठेवता येईल. गेरू घरात नव्हता, लाल शाईची बाटली होती. बोळ्याने मानेवर आणि पाठीवर ठळक खुणा केल्या. पांढऱ्या पिसांवर फार उठून दिसत होत्या. मला तर कौतुकच वाटलं.

तिला खाली सोडलं मात्र, सगळी तिच्यावर तुटून पडली. मॉनिटर तर होताच, आमच्या चारही माद्या होत्या, आणि ज्या तिच्याबरोबर एका पाटीतून आल्या त्या तांबडी नि करडीसुद्धा! जिथे लाल तिथे चोच. मी काठी टाकून हातांनी ओढलं तेव्हा सुटली. माझ्या शर्टाला शाई किती आणि रक्त किती, कळत नव्हतं.

मनिषा धावत आली. ढवळीला पदरात घेऊन न्हाणीत गेली, शाई धुतली, हळद आणि खोबरेल लावलं. मी दारात उभा होतो. ती मान खाली घालूनच म्हणाली, "आबा, तांबडं लावलं की समदी तितंच टोचत्यात. सोबतीची बी टोचत्यात. एवढं तर कळाया पायजे."

पहिल्यांदाच एवढं बोलली. बोलताना रडत होती. एका बदकासाठी एवढं रडावं, असं मन आहे तिचं. मी शाईची बाटली उकिरड्यात टाकून आलो. मेंढराला रंग चालतो, पाखराला चालत नाही. हे मला ठाऊक नव्हतं आणि विचारावं असं सुचलं नाही.

२० फेब्रुवारी

ढवळी पाणी प्यायली. ती चुलीजवळच्या पाटीत आहे. मनिषा माझ्याशी बोलत नाही, पण चहा वेळेवर दिला. साखर आधी टाकली होती. चव तीच लागली.

२३ फेब्रुवारी

वाघूर निघाली!

कुठल्या अडगळीतून काय सुचेल सांगता येत नाही. मी माळ्यावर ढवळीसाठी जुनं पोतं शोधत होतो. हाताला दोरीचा मोठा गठ्ठा लागला. वडिलांची वाघूर. मुक्कामाला मेंढरांभोवती उभी करायची ती जाळी. मेंढरं विकली तरी बानूबाईने ही विकू दिली नव्हती. मी खाली टाकली, धुरळा उडाला आणि त्या वासाने मी लहान झालो. खोटं कशाला लिहू, डोळे भरून आले.

बानूबाईने जाळीवर हात फिरवला. "आठवतंय का? बाजारातनं नवी मेंढरं आणली की मामंजी ती येकदम कळपात सोडत नव्हतं. मधी वाघूर लावायचं. येकमेकांस्नी बघू द्या, वास घिऊ द्या, शेजारी खाऊ द्या."

"तेच म्हणणार होतो मी," मी म्हणालो. खरोखरच म्हणणार होतो.

आम्ही दोघांनी खुंट्या ठोकून परसाच्या मधोमध वाघूर उभी केली. मनिषा ढवळीला घेऊन आली आणि तिनेही एक खुंटी ठोकली. इकडे जुनी, तिकडे नवी. दोन्हीकडे घमेली, तीही जाळीला लागून, म्हणजे खाताना तोंडासमोर तोंड. पाण्याची भांडीही दोन केली. एकाच घमेल्यावर सगळी शाळा सोडली होती ही चूक झाली होती. दोन वर्ग करायला हवे होते.

१ मार्च

वाघुरीने काम केलं. आमच्या चार माद्या आता जाळीपलीकडच्यांशी बोलत बोलत खातात. दुपारी सावलीत दोन्ही बाजूंची जाळीला टेकून झोपतात. ढवळीच्या मानेवर बारीक कोंब फुटले आहेत.

एकटा मॉनिटर सुधारत नाही. दिवसभर जाळीवर चोच आपटतो. पलीकडे कोणी काय खाल्लं, कसं खाल्लं, कुठे बसलं, सगळ्यावर त्याचं लक्ष. स्वतःचं खाणं सोडून येरझाऱ्या घालतो. वाईट नाही तो. त्याला वाटत असणार आपण नजर काढली तर परस कोसळेल.

मी तोडगा काढला. आमच्या खात्यात डोईजड माणसाचं काय करतात? बदली! थोडे दिवस त्याला इथून हलवायचं. मागे बाकीच्यांची घडी बसू द्यायची. परत आला की तो नवा आणि त्या जुन्या. सरळ शेवटच्या बाकावर.

जेवताना ही योजना मांडली. मल्हारने मान हलवली. मनिषाने शाईच्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. बारामतीला विजयमालाकडे, म्हणजे आमच्या मुलीकडे, गच्ची आहे, तिथे न्यायचं ठरलं.

बानूबाई म्हणाली, "त्याच्यासंगं तुमी बी जावा. तुमच्याबिगर त्यो ऱ्हायचा न्हाय."

मुक्या जिवाचा माझ्यावर जीव आहे हे तिच्या लक्षात आलं, याचं मला बरं वाटलं.

३ मार्च, बारामती

यष्टीत मॉनिटर पाटीत, पाटी मांडीवर. कंडक्टर आला. "गुरुजी, ह्येचं काय? अर्धं का फुल?"

"पाखराला तिकीट न्हाय लागत."

"ओरडतंय मातर फुल तिकिटावानी."

सगळी गाडी हसली. मॉनिटरने पाटीच्या भोकातून चोच काढून कंडक्टरची पिशवी धरली. मग त्याने काही विचारलं नाही.

विजयमालाने गच्चीवर सावली करून ठेवली होती. जुनी लोखंडी पाटी पाण्याने भरली. मॉनिटर कोपऱ्यात उभा राहिला. पुढे चालायला मागे कोणी नाही. त्याला काय करावं सुचेना.

६ मार्च

इथे चहा सहाला नाही, सातला मिळतो. वर्तमानपत्र आधी जावईबापू वाचतात. आमटीत गूळ जास्त असतो. मी विजयमालाला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "आबा, ह्या घरात अशीच होते."

नातवंडांच्या वह्या तपासायला घेतल्या. तिने हातातून काढून घेतल्या. "मुलांच्या वह्या मी बघते. आन् ते लाल पेन द्या हिकडं." पेन घेऊन तिने शोकेसच्या कप्प्यात ठेवलं. लहानपणी माझ्यासमोर पाढे म्हणताना या मुलीचा आवाज कापायचा. आता केवढी मोठी झाली! मी गच्चीवर जाऊन मॉनिटरजवळ बसलो.

तोही आता येरझाऱ्या घालत नाही.

९ मार्च

विजयमालाच्या शेजाऱ्यांच्या फोनवर बानूबाईशी बोललो. तिने आबासाहेबांच्या घरून लावला होता. "वाघूर काढली. समदी येका जागी खात्यात," ती म्हणाली. मागे मनिषाचं हसणं ऐकू आलं. मोठ्याने हसत होती. घरात तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

"मग आमी येतो," मी म्हणालो.

"अवं, नगा घाई करू. अजून थोडं ऱ्हावा."

माझ्यावाचून करमत नसणार, पण बदकांच्या भल्यासाठी दम धरते आहे. तिचा मला अभिमान वाटला.

१२ मार्च

मॉनिटरने आज माझ्या हातातून भाकरी खाल्ली. चोच मारली नाही. मी जेवलेलं ताट स्वतः विसळलं. विजयमाला बघत होती. तिने हात धरून मला तिथेच ओट्यापाशी स्टुलावर बसवलं आणि स्वतःहून पुन्हा चहा केला. माझ्या आवडीचा, कमी दुधाचा. तिला सांगावं लागलं नाही. चहा पिताना तिने तिच्या सासरच्या गमती सांगितल्या. मी एकही वाक्य मध्ये न तोडता ऐकलं. खूप वर्षांनी लेकीशी बोललो असं वाटलं, खरं तर बोलली तीच.

१४ मार्च, अंथुर्णे

विजय!

परसात पाटी उघडली. मॉनिटर बाहेर आला, छाती काढली आणि सवयीप्रमाणे थेट घमेल्यावर गेला. तांबडीने मान लांब करून त्याला अशी चोच दिली की तो दोन उड्या मागे. मग आमचीच एक जुनी मादी पुढे झाली. मग करडी. त्याने परसाला एक फेरी मारली, सगळ्यांकडे बघितलं आणि कुंपणाला टेकून उभा राहिला. शेवटी ढवळी शांतपणे खाऊन बाजूला झाली, त्या मोकळ्या जागी तो गेला आणि खाल्लं. कोणी मारलं नाही. त्यानेही कोणाला मारलं नाही. पाण्यावर जाताना ढवळी पुढे, रांगेत शेवटी मॉनिटर. ढवळीची मान पिसांनी भरली आहे. आम्ही सगळे भिंतीवर बसून बघत होतो. मल्हारने टाळ्या वाजवल्या. मला तर नाचावंसं वाटलं, बानूबाईने सदऱ्याला धरून बसवलं.

घरातही थोडे बदल झालेले दिसले. रेडिओ स्वयंपाकघरात गेला आहे. माझी आरामखुर्ची बाहेर ओट्यावर ठेवली आहे, वारं चांगलं येतं. फळीवर डबे नव्याने लावले आहेत, प्रत्येकावर मनिषाच्या अक्षरात चिठ्ठी. चहा सातला मिळाला. बारामतीला सवय झाल्यामुळे मला काही वाटलं नाही.

खिशाला हात लावला तेव्हा आठवलं, लाल पेन शोकेसमध्ये राहिलं. जाऊ दे.

१९ मार्च

मॉनिटर रोज शेवटी खातो आणि त्याचं वजन वाढलं आहे. धावपळ नाही, अंगाला लागतं.

खोलीचं कोणी काढत नाही. मीही विचारत नाही. विचारलं आणि नको ते ऐकलं तर? दुपारी ओट्यावर बसून मी मनातल्या मनात सामानाचा टेंपो येताना बघतो.

२८ मार्च, गुढीपाडवा

सकाळी मल्हार गुढी बांधत होता. मला राहवलं नाही. "टेंपो कवा येणार?"

"कसला टेंपो?"

"खोलीचा."

त्याने गाठ मारली आणि मनिषाकडे बघितलं. ती साखरेची माळ घेऊन उभी होती. "खोली कवाच नको म्हणून सांगितली, आबा. कारखान्याची गाडी फाट्यापतुर येती. आन् बदकं कुणाच्या जिवावर टाकून जाऊ? ढवळी अंड्यावर बसलीया."

गुढीची काठी धरायच्या निमित्ताने मी तोंड फिरवलं. जिंकलो आम्ही! एक जुनी वाघूर आणि वेळेवर केलेली बदली, यांनी हे घर राखलं. आबासाहेबांना मी सविस्तर सांगितलं. बानूबाई ऐकत होती, म्हणाली, "व्हय, बदलीनंच झालं समदं." तिने एवढ्या सहज माझं म्हणणं मान्य केल्याचं मला आठवत नाही.

कारखान्याची दुपारची पाळी असल्याने मल्हार आधी जेवला, त्याच्याबरोबर मनिषा आणि बानूबाईही बसल्या. मी परसात पाणी बदलून मागाहून बसलो. शेवटचा. पुरणपोळी तव्यावरून थेट पानात आली, तुपाची धार मनिषाने मी 'पुरे' म्हणेपर्यंत धरली. आजवर पहिल्या पंगतीत इतकी गरम पोळी मला मिळालेली नाही.

हात धुतल्यावर बघतो तर ती मिठाच्या डब्याची चिठ्ठी घेऊन समोर उभी. तिच्या हातात निळं पेन.

"आबा, मिठाला वेलांटी पहिली का दुसरी?"

तिने स्वतःहून विचारलं होतं. मी नुसतं म्हणालो, "दुसरी."

तिने 'मीठ' असं लिहिलं, छान लिहिलं, आणि चिठ्ठी डब्याला लावली. 'मिठाला' म्हणताना मात्र तीच वेलांटी पहिली होते, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. बोललो नाही.